बिकिनी, १९४६: स्फोटानंतर जहाजं धुवायला गेलेली माणसं

समुद्रगंध

अणुचाचण्यांचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा हिरोशिमा, नागासाकी आणि पोखरणभोवती फिरते. समुद्रातल्या चाचण्या मागे राहतात. बिकिनीचा तो फोटो मात्र बहुतेकांनी पाहिलेला असतो: पाण्याचा अजस्र खांब आणि त्याच्या पायथ्याशी चिमुकल्या दिसणाऱ्या युद्धनौका. मला त्या फोटोनंतरचे दोन आठवडे जास्त महत्त्वाचे वाटतात. त्या दिवसांत हजारो खलाशी हातात ब्रश आणि होजपाइप घेऊन किरणोत्सारी डेक घासत होते, आणि एक डॉक्टर 'हे थांबवा' म्हणून ॲडमिरलच्या मागे लागला होता. त्यावर मराठीत नीट काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. अणुबॉम्बपुढे आरमार टिकतं का, हा अमेरिकन नौदलासमोरचा अस्तित्वाचा प्रश्न होता. त्यासाठी पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांमधल्या बिकिनीच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्यानं वेढलेल्या शांत पाण्यात, नव्वदहून जास्त जहाजं नांगरून ठेवली. त्यात 'साराटोगा' ही विमानवाहू नौका होती, जर्मनांची 'प्रिन्झ ऑयगेन' होती आणि एकेकाळी जपानी ॲडमिरल यामामोतोंचं निशाण मिरवणारी 'नागातो' ही युद्धनौका होती. मोहिमेचं नाव 'क्रॉसरोड्स', प्रमुख व्हाइस ॲडमिरल विल्यम ब्लॅंडी, माणसं सुमारे ४२,०००. बेटावरच्या १६७ रहिवाशांना मार्च १९४६ मध्येच उचलून राँगेरिक या दुसऱ्या बेटावर नेऊन ठेवलं होतं.

पहिला स्फोट 'एबल', १ जुलै. विमानातून टाकलेला बॉम्ब पाण्याच्या वर सुमारे १५८ मीटरवर फुटला. आगीचा गोळा पाण्याला टेकला नाही, त्यामुळे किरणोत्सारी माल बहुतेक सगळा ढगाबरोबर वर निघून गेला. दुसऱ्याच दिवसापासून माणसं बऱ्याचशा जहाजांवर परत चढली. 'अणुबॉम्ब म्हणजे मोठा बॉम्ब, बाकी काही नाही' असा समज तिथेच बळावला, आणि पुढचं सगळं रामायण त्या समजुतीतून घडलं.

दुसरा 'बेकर', २५ जुलै. या वेळी बॉम्ब एका लहान जहाजाखाली, पाण्यात २७ मीटर खोल टांगला होता. लगूनची खोली तिथे ५५ मीटरच्या आसपास. वीस लाख टन पाणी वर उचललं गेलं आणि खाली कोसळलं. ते कोसळताना खांबाच्या बुडाशी दाट धुक्याची एक भिंत तयार झाली आणि ती लगूनभर पसरत जवळजवळ सगळ्या जहाजांवरून गेली. तिला 'बेस सर्ज' म्हणतात. खरं नुकसान तिनं केलं.

बॉम्बमध्ये प्लुटोनियम सुमारे सहा किलो होतं. स्फोटात त्यातलं किलोभराहून थोडं जास्त भंगलं. उरलेलं पाचएक किलो, भंगलेल्या अणूंचे तुकडे, न्यूट्रॉन लागून किरणोत्सारी झालेलं समुद्रातलं सोडियम आणि तळाचा प्रवाळाचा चिखल, हे सगळं त्या धुक्यात होतं. वर न जाता ते तिथेच राहिलं. जहाजांच्या प्रत्येक फटीत, दोरखंडात, रंगाच्या पोपड्याखाली जाऊन बसलं.

आणि एवढी जहाजं धुवायची कशी, याचा तयार आराखडा नौदलाकडे नव्हता. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. किरणोत्सार सुरक्षेचे प्रमुख कर्नल स्टॅफर्ड वॉरन, अणुबॉम्ब बनवणाऱ्या मॅनहॅटन प्रकल्पाचे वैद्यकीय प्रमुख, त्यांनी पाण्याखालच्या स्फोटाचा धोका आधी सांगितलेला होता.

पहिल्यांदा अग्निशमन नौकांनी लांबूनच समुद्राचं पाणी मारलं. मग आग विझवायचा फेस. फरक नगण्य. मग माणसं चढवली. आधी गायगर काउंटर (किरणोत्सार मोजायचं यंत्र) घेतलेला मॉनिटर जायचा, आकडे बघून किती वेळ थांबता येईल ते सांगायचा. सुरुवातीला काही जहाजांवर ती मुभा मिनिटांची होती. दिवसाची मर्यादा ०.१ राँटजेन (किरणांच्या माऱ्याचं तेव्हाचं एकक). त्यानंतर साबण, कॉस्टिक सोडा, बॉयलर साफ करायची रसायनं आणि ब्रश. आकडा थोडा उतरायचा आणि मग अडून बसायचा. गंज, रंग आणि लाकडी डेक यांत मुरलेलं काही निघत नव्हतं. ते काढायचं तर रंग, गंज आणि लाकडाचा थर यांसकट तासून काढावं लागणार होतं. उन्हात, उकाड्यात, तासताना उडणारी धूळ नाकातोंडात घेत.

गायगर काउंटरला जे दिसत होतं त्याची ही कथा. प्लुटोनियमचे अल्फा कण त्याला दिसतच नव्हते. पुढचं प्रतिसादांत लिहितो, आधीच लांबलंय.

निशिगंध

फार आवश्यक धागा. मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ आहे, तर माझ्या बाजूनं थोडी भर.

लोक नेहमी दोन गोष्टींची गल्लत करतात. एक्स-रे काढला की किरणं अंगातून जातात आणि यंत्र बंद केलं की विषय संपतो. अंगावर कुणी किरणोत्सारी द्रव सांडला तर स्रोतच अंगावर आहे. दुसऱ्या प्रकारात तुम्ही खोलीबाहेर गेलात तरी तो तुमच्याबरोबर येतो, तुमच्या चपलेतून कँटीनमध्ये, दाराच्या कडीवर, घरी. बिकिनीवर पहिल्या प्रकारची मापं लावून दुसऱ्या प्रकारच्या संकटात माणसं पाठवली.

आमच्याकडे आयोडीन-१३१ चे काही थेंब जरी फरशीवर सांडले तरी पहिली आज्ञा असते: जागचं हलू नका, ओरडून इतरांना थांबवा. मग टिपकागद टाकून आधी शोषून घ्यायचं. पुसायचं ते कडेकडून मधे, कधीही मधून बाहेर नाही. हळद सांडली की ओल्या फडक्यानं फराफरा पुसणारा माणूस डाग दसपट करतो, तसंच हे. प्रत्येक फडकं एकदाच वापरायचं आणि खुणेच्या पिशवीत टाकायचं. हातावर पडलं तर कोमट पाणी, साधा साबण, हलक्या हातानं. घासायचं नाही, कारण कातडी सोलवटली की ते रक्तात जायला वाट मोकळी होते. नंतर मीटर फिरवायचा, आकडा लिहायचा, पुन्हा धुवायचं. दोन-तीन वेळा धुऊनही आकडा उतरेना, तर धुणं थांबवतो. हातात हातमोजा घालून ठेवतात किंवा फरशीचा तो तुकडा झाकून क्षय होईपर्यंत खोली बंद ठेवतात. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, आठ दिवस आहे, म्हणून हे परवडतं.

आता हे बेकरशी ताडून बघा. होजपाइपनं पाणी मारणं म्हणजे मधून बाहेर ढकलणं. ते पाणी डेकवरून खालच्या मजल्यांवर, उरलेलं लगूनमध्ये. आणि प्लुटोनियमचं अर्धायुष्य २४,१०० वर्षं. क्षय होईपर्यंत खोली बंद ठेवायची सोयच नाही.

मर्यादेबद्दलही सांगते. ०.१ राँटजेन म्हणजे ढोबळमानानं १ मिलिसीव्हर्ट, हे आजचं एकक. आज आमच्यासारख्या कामगारांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आहे. म्हणजे त्या खलाशानं रोज पूर्ण मर्यादेपर्यंत काम केलं तर आमच्या वर्षाचा कोटा वीस दिवसांत संपला.

रेवदंड्याचा नाखवा

निशिगंध ताई, सुरेख समजावलंत.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनरूमला होतो, आता निवृत्त. लेखात नांगरलेल्या जहाजांचं आलं. मला जी जहाजं नांगरलेली नव्हती त्यांबद्दल सांगायचंय. खलाशी जिथे राहत, जेवत, झोपत होते ती साथीची जहाजं. स्फोटाच्या वेळी ती लगूनबाहेर सुरक्षित होती आणि नंतर परत आत आली.

जहाज समुद्राचं पाणी सतत आत घेत असतं हे किनाऱ्यावरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. कंडेन्सर थंड करायला समुद्राचं पाणी, फायर लाइनला तेच, संडासाला तेच. आणि पिण्याचं गोडं पाणी इव्हॅपोरेटरमध्ये त्याच पाण्याची वाफ करून बनवायचं. वाफ शुद्ध असते, मान्य. पण क्षार मागे नळ्यांवर बसतात. इव्हॅपोरेटर उघडला की नळ्यांवर पांढरट-करडा कडक थर असतो, तो ठोकून, खरवडून काढावा लागतो. आमच्या वेळीही हे काम सगळ्यात ज्युनियर पोराच्या वाट्याला यायचं. तो आत अर्धा वाकून खरवडणार आणि भुकटी तोंडावर घेणार. बिकिनीच्या पाण्यातला किरणोत्सारी माल त्याच थरात गोळा होत होता. धरण बांधून गाळ अडवावा तसा प्रकार नव्हे हा, इथे गाळ काढणारा माणूस गाळाच्या आतच बसलेला असतो.

दुसरी गोष्ट जहाजाच्या बुडाची. पाण्याखालच्या पत्र्यावर शेवाळ आणि बार्नॅकल (चिकटून राहणारे शिंपल्यासारखे जीव) धरतात. त्यांनी पाण्यातले किरणोत्सारी अणू शोषून घेतले आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला, जिथे पोरांचे बंक होते, तिथे मीटर वाजायला लागला. स्वच्छ म्हणून गेलेली जहाजं नुसती लगूनमध्ये उभी राहून बाधित झाली. ऑगस्टमध्ये काम मार्शल बेटांतल्याच क्वाजालीनला हलवलं त्यामागे हे एक मोठं कारण होतं. पुढे अमेरिकेत ही जहाजं गोदीत घेऊन खाऱ्या पाण्याच्या लाइनी ॲसिडनं धुवाव्या लागल्या, बुडं खरवडावी लागली. ते खरवडणारे गोदी कामगार कुठल्याच फोटोत नाहीत.

मृण्मयी

वाचतेय. समुद्रगंध, ते प्लुटोनियमचं अर्धवट सोडलंत, लिहा ना पुढचं.

समुद्रगंध

लिहितो. नाखवा काका, इव्हॅपोरेटरचं इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं, मनापासून आभार.

तर वॉरन यांची अडचण अशी होती की मॉनिटरच्या हातातलं यंत्र बीटा आणि गॅमा मोजायचं. प्लुटोनियम सोडतं अल्फा. अल्फा कण कागदानंही अडतो, त्यामुळे बाहेरून तो निरुपद्रवी. श्वासातून किंवा अन्नातून आत गेलं की प्लुटोनियम फुप्फुस, यकृत आणि हाडांत ठाण मांडतं, आणि तिथे मायक्रोग्रॅममध्ये मोजावं एवढंसंही पुरतं. म्हणजे कप्तानाच्या हातात 'आकडा उतरला' असा कागद असला तरी त्याचा जहाज सुरक्षित असण्याशी संबंध नव्हता.

कप्तान मात्र आकड्याला धरून बसले होते. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. आपलं जहाज पुन्हा चालू करून बंदरात न्यायचं ही त्यांच्या आयुष्यभराच्या शिकवणीची गोष्ट. जे दिसत नाही, वास येत नाही, ज्यानं कुणी चक्कर येऊन पडत नाही, त्यापायी जहाज सोडून द्यायचं हे त्यांना पटेना. वॉरन यांचे मॉनिटर जहाजावर आले की कटकट आली, असा सूर असायचा. उकाड्यात खलाशी मास्क काढून काम करायचे, उघड्या अंगानं डेकवर बसायचे, आणि त्यांना दटावणारा मॉनिटर वयानं आणि हुद्द्यानं बऱ्याचदा लहान असायचा.

दोन गोष्टींनी पारडं फिरलं. 'प्रिन्झ ऑयगेन'च्या कप्तानाच्या केबिनमधून घेतलेल्या नमुन्यात प्लुटोनियम सापडलं. बंद केबिनमध्ये ते असेल तर कुठेही असणार. दुसरी गोष्ट एक मासा. लगूनमध्ये पकडलेला सर्जनफिश. तो चिरून फोटोच्या प्लेटवर ठेवला. एक्स-रे यंत्र लावलं नाही, काही नाही. माशानं स्वतःच्याच किरणोत्सारानं स्वतःचं चित्र प्लेटवर उमटवलं. पोटाच्या जागी लखलखीत ठिपका, म्हणजे नुकतंच खाल्लेलं शेवाळ, आणि अंगभर खवल्यांची नक्षी. वॉरन यांनी ते ब्लॅंडींपुढे ठेवलं. आकड्यांच्या तक्त्यांनी जे झालं नव्हतं ते त्या चित्रानं केलं. १० ऑगस्टला धुण्याचं काम बंद करायचा आदेश निघाला. तिसरी चाचणी 'चार्ली' ठरली होती, तीही राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सप्टेंबरमध्ये रद्द केली.

माझ्या मते क्रॉसरोड्समधलं सगळ्यात मोठं सुरक्षेचं काम तेच: ब्रश खाली ठेवायला लावणं.

तर्कसंगत

लेख चांगला, पण थोडा तोल हवा. 'राग येतो' वगैरे ठीक आहे, परिणाम काय झाला ते बघू. नोंदवलेल्या डोसमध्ये सर्वाधिक आकडा चार राँटजेनच्या आत आहे. आणि अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं १९९६ मध्ये क्रॉसरोड्समध्ये असलेल्या खलाशांची, तिथे नसलेल्या खलाशांशी तुलना करून पाहणी केली. एकूण मृत्युदर ४.६ टक्क्यांनी जास्त निघाला, पण कर्करोगामुळे झालेले मृत्यू १.४ टक्के आणि ल्युकेमियाचे (रक्ताच्या कर्करोगाचे) २ टक्के जास्त, दोन्ही योगायोगात बसणारे. किरणोत्सार हे कारण असतं तर ल्युकेमिया आधी उसळला असता. १९४६ च्या ज्ञानाच्या मानानं त्यांनी बरंच सांभाळलं असं का म्हणू नये?

निशिगंध

तर्कसंगत, पाहणीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि ते इथे यायलाच हवं होतं. एकूण मृत्युदर का वाढला याचं नेमकं कारण त्या पाहणीत सापडलं नाही हेही त्याच्याबरोबर यावं.

'सर्वाधिक नोंदवलेला डोस' हे शब्द मात्र आमच्या विभागात कुणी असे वापरले तर मी पहिला प्रश्न विचारते: नोंद कुणाची? आमच्याकडे प्रत्येकाच्या छातीवर स्वतःचा टीएलडी बॅज, म्हणजे डोस मोजणारा बिल्ला, असतो. माझा बॅज माझ्या सहकाऱ्याचा डोस सांगू शकत नाही, एकाच खोलीत दिवसभर असलो तरी. एक जण इंजेक्शन भरत असतो, दुसरा संगणकावर असतो.

समुद्रगंध

निशिगंध ताईंनी बोट नेमकं ठेवलं. क्रॉसरोड्सवर फिल्म बॅज (त्या काळचे, फोटोची फिल्म घातलेले असेच बिल्ले) मिळाले ते सुमारे १५ टक्के लोकांना. कमी धोक्याच्या समजल्या गेलेल्या कामांत पूर्ण गटामागे एकालाच बॅज दिला जाई आणि त्याचा आकडा सगळ्यांचा धरला जाई. डेकच्या टोकाला उभा असलेला आणि गंजलेल्या नांगराच्या साखळीपाशी गुडघ्यावर बसलेला, दोघांचा डोस एक कसा? आणि श्वासातून गेलेलं प्लुटोनियम फिल्मवर उमटतच नाही.

तर्कसंगत, नोंदींवरून मोठा कर्करोग-उद्रेक दिसत नाही, हे मी मान्य करतो आणि तसं खोटं चित्र रंगवायचं नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. दहा ऑगस्टला काम थांबलं म्हणून आकडे सौम्य राहिले. कप्तानांच्या म्हणण्याप्रमाणे रंग आणि गंज तासायचं काम महिनोन्महिने चाललं असतं तर तुमच्या पाहणीत काय दिसलं असतं? संकट टळलं म्हणून ते नव्हतंच असं म्हणता येत नाही.

तर्कसंगत

हा मुद्दा मान्य. बॅजचा १५ टक्क्यांचा आकडा मला ठाऊक नव्हता, आणि तो कळल्यावर सर्वाधिक डोसच्या आकड्याचं वजन कमी होतं.

लोणावळ्याचा भूषण

मी नौदलात होतो, नुकसान-नियंत्रणाच्या शाखेत. जे सार्वजनिक आहे तेवढंच लिहितो.

बेकरनंतर सगळ्या आरमारांनी धडा घेतला तो असा: साचल्यावर धुणं अशक्य आहे, तर साचूच द्यायचं नाही. त्यासाठी डेक, सुपरस्ट्रक्चर, तोफा, सगळ्यांवर फवाऱ्यांच्या तोट्यांचं जाळं असतं. किरणोत्सारी पाऊस पडायच्या आधीच ते सुरू करायचं. पत्र्यावर वाहत्या पाण्याचा पातळ पडदा तयार होतो, कण पत्र्याला चिकटण्याआधीच त्यावरून घसरून समुद्रात जातात. याला प्री-वेटिंग म्हणतात. आणि आतला भाग हवाबंद ठेवून तिथली हवा बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाबावर ठेवायची, म्हणजे फट राहिली तरी हवा आतून बाहेर जाते. त्या भागाला सिटाडेल म्हणतात.

हे पडताळून कसं पाहिलं? अमेरिकेनं दोन जुनी मालवाहू जहाजं दूरनियंत्रणावर चालवून १९५४ च्या कॅसल चाचण्यांच्या किरणोत्सारी पावसातून नेली. एकावर फवारे चालू, दुसऱ्यावर बंद. फवारेवाल्याच्या डेकवरचा किरणोत्सार कितीतरी कमी भरला. ब्रिटिशांनी मात्र माणसं असलेली विनाशिका नेली. १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या माँटेबेलो बेटांवर दोन स्फोट केले, त्या दोन्हींच्या ढगाखालून 'एचएमएस डायना' मुद्दाम चालवली. फवारे चालू, दारं बंद. पण बॉयलरला हवा बाहेरूनच लागते, त्यामुळे बॉयलर रूममधल्या लोकांना बंदिस्त सूट घालून त्या उष्णतेत उभं राहावं लागलं.

परत आत येताना काय करायचं, तेही बिकिनीच्या गोंधळातूनच शिकले. बाहेर गेलेला माणूस थेट आत येत नाही. क्रमानं खोल्या असतात. पहिल्या खोलीत बाहेरचे बूट, सूट, मोजे उतरवायचे, तेही आतली बाजू बाहेर करत, म्हणजे मळलेली बाजू गुंडाळली जाते. मास्क सगळ्यात शेवटी. मग शॉवर, डोकं मागे झुकवून, म्हणजे केसातलं पाणी तोंडावर येत नाही. मग मीटर: केस, कानामागे, नखं, तळपाय. स्वच्छ निघाला तर पुढचं दार. नाही निघाला तर परत शॉवर. सरावाच्या वेळी सगळ्यात जास्त लोक अडकतात ते नखांपाशी.

आपल्या नौदलाचं हे प्रशिक्षण लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर होतं. २०१९ मध्ये तिथे 'अभेद्य' नावाची खास सरावसुविधा सुरू झाली, त्याच्या बातम्या आलेल्या आहेत.

रेवदंड्याचा नाखवा

भूषण, बॉयलर रूमचं वाचून काटा आला. तिथे साध्या दिवशीही उभं राहवत नाही.

अनघा_प

सगळे जहाजांबद्दल बोलताय, त्या १६७ माणसांचं पुढे काय झालं?

वेलदोडा

अनघा ताई, मी हा विषय बराच वाचलाय, मी सांगतो.

राँगेरिकवर त्यांची उपासमार झाली. बेट लहान, पाणी कमी, मासे पुरेसे नाहीत, काही विषारी. १९४८ मध्ये त्यांना तिथून काढून आधी क्वाजालीन आणि मग किलीला नेलं. किलीला लगूनच नाही, म्हणजे जन्मभर लगूनमध्ये होडी घालणाऱ्या माणसांना खवळलेल्या समुद्रापुढे आणून बसवलं. १९६८ मध्ये अमेरिकेनं बिकिनी राहायला सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. नारळाची नवी झाडं लावली, घरं बांधली, काही कुटुंबं परतली. पण १९७८ मध्ये त्यांना पुन्हा उठवलं, कारण त्यांच्या अंगात सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य वाढत चाललं होतं. ते येत होतं नारळातून.

आपल्या कोकणातल्या लोकांना हे लगेच कळेल. नारळाला पोटॅश लागतं. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम जवळजवळ नसतंच. सीझियम रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमचा भाऊबंद. उपाशी झाड मातीतून पोटॅशियम समजून सीझियम उचलतं आणि खोबऱ्यात-शहाळ्यात साठवतं. म्हणून नंतर शास्त्रज्ञांनी तिथे पोटॅशियमचं खत टाकून बघितलं आणि खरोखरच नारळातलं सीझियम खूप उतरलं. वरची माती खरवडून टाकण्यापेक्षा हा उपाय शहाणपणाचा, कारण माती काढली तर बेटावर उरणार काय? शेजारच्या एनेवेटाकवर १९७७ ते १९८० मध्ये खरवडलेली माती आणि भंगार रुनिट बेटावरच्या १९५८ च्या स्फोटाच्या खड्ड्यात भरून वर काँक्रीटचा घुमट बांधला. खड्ड्याच्या तळाला मात्र अस्तर नाही.

आणि बिकिनीची माती खराब केली ती मुख्यतः १९४६ च्या दोन बॉम्बनी नाही. ती केली मुख्यतः नंतरच्या स्फोटांनी. १ मार्च १९५४ चा 'ब्राव्हो' हा १५ मेगाटनचा, अंदाजाच्या अडीच पट. त्याची राख राँगेलाप या दुसऱ्या बेटावरच्या लोकांवर पडली आणि त्यांना हलवायला दोन दिवसांहून जास्त लागले.

मृण्मयी

'दाइगो फुकुर्यू मारू' त्याच स्फोटातली ना? जपानी मासेमारी नौका?

वेलदोडा

हो. २३ जण होते. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर होते. पांढरी राख तासन्‌तास पडत राहिली, ती प्रवाळाची भुकटी होती. त्यांनी ती हातानं झटकली, डेकवरची झाडली. आज भूषणनी वर्णन केलेली जी सगळी व्यवस्था आहे, त्यातलं एक अक्षर त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांचा रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा त्याच वर्षी २३ सप्टेंबरला वारला. जपानी बंदरांत ट्यूनावर गायगर काउंटर फिरवायला लागले आणि किती तरी मासळी पुरून टाकावी लागली. अमेरिकन जहाजांवरही ब्राव्होची राख पडली, पण ते खलाशी दारं लावून खाली गेले आणि वर फवारे सुरू झाले. एकाच स्फोटाखाली एका डेकवर फवारे होते आणि दुसऱ्यावर झाडू.

याच घटनेनंतर २ एप्रिल १९५४ ला नेहरूंनी लोकसभेत चाचण्या आहेत तिथे थांबवण्याची मागणी केली. पाण्याखालच्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार व्हायला १९६३ उजाडलं, भारतानं त्यावर सही केलेली आहे.

अनघा_प

धन्यवाद वेलदोडा. नारळाचं मला अजिबात माहीत नव्हतं. शेवटचा एक प्रश्न. धुतली न गेलेली ती जहाजं शेवटी गेली कुठे?

समुद्रगंध

'साराटोगा' आणि 'नागातो' बेकरमुळेच बुडाल्या, अजून लगूनच्या तळाशी आहेत. 'प्रिन्झ ऑयगेन' क्वाजालीनला ओढून नेली. तिला बारीक गळती लागली होती, पण आत उतरून दुरुस्ती करणं धोक्याचं म्हणून कुणी केली नाही, आणि डिसेंबर १९४६ मध्ये ती उलटली. तिच्या टाक्यांतलं तेल २०१८ मध्ये काढलं. बाकीची बरीच जहाजं पुढच्या दोनेक वर्षांत खोल समुद्रात बुडवली.

काही मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या हंटर्स पॉइंट गोदीत आणली, धुण्याचे प्रयोग करायला. नौदलाची किरणोत्सार प्रयोगशाळा तिथेच उभी राहिली. 'इंडिपेंडन्स' ही विमानवाहू नौका त्यातलीच. १९५१ मध्ये किरणोत्सारी कचऱ्याची पिंपं भरून ती फॅरलॉन बेटांजवळ बुडवली, २०१५ मध्ये सोनारवर पुन्हा दिसली. नाखवा काका म्हणाले ते गोदी कामगार याच गोदीतले. ती जागा १९८९ पासून अमेरिकेच्या सर्वाधिक प्रदूषित जागांच्या सरकारी यादीत आहे. तिथे आता घरं बांधायची आहेत, म्हणून माती तपासायला कंत्राटदार नेमले. स्वच्छ जागेची माती आणून ती तपासणीच्या जागेची म्हणून दाखवल्याबद्दल त्यातल्या दोन पर्यवेक्षकांना २०१८ मध्ये तुरुंगवास झाला. फेरतपासणी त्यानंतर हाती घ्यावी लागली.